लग्नातली कटिंग

ममता नगराळेनं एकवीस वर्षांत हजारावर लग्नांचं शूटिंग केलं आणि त्यातल्या एकाही लग्नात तिला गरम पोळी मिळाली नाही. पंगत बसली की कॅमेरा पंगतीवर, पंगत उठली की कॅमेरा नवरीच्या रडण्यावर, आणि नवरी गाडीत बसून गेली की मांडवात उरायचा तो भाताचा खालचा थर आणि ममता. तरीही वणीत, राजुरात, थेट राळेगावपर्यंत कोणाकडे लग्न निघालं की घरातल्या बाया तारीख धरायच्या आधी म्हणतात, "ममताताई मोकळी हाये का ते पाहा पह्यले."

ती शूटिंगवाली झाली एका खुर्चीमुळे.

तिचा नवरा संजय याचं वणीत, टायर रिमोल्डच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'प्रज्ञा व्हिडिओ' होतं. तो खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन पुढं चालायचा आणि मागं ममता हॅलोजन धरून. लग्न झाल्यापासून चार वर्षं तिनं तो दिवा धरला. उन्हाळ्यात मांडवात एक तर ऊन, त्यात तो दिवा, आणि पायात कुणाचं तरी पोर वायर ओढतंय. दिवा जरा खाली गेला की संजय मान न वळवता म्हणायचा, "ममता, वर." दिवसातून दोनशे वेळा. तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता आणि माहेरी गेली की बहिणी तो दाबून पाहून हसायच्या.

दोन हजार चारचा एप्रिल. राजुरात खाणीतल्या एका कामगाराच्या मुलीचं, साधनाचं लग्न होतं. बुद्धवंदना सुरू व्हायची होती. संजयला वाटलं, आज वरून शॉट घ्यावा. त्यानं टेबलावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर स्वतः चढला. ममता म्हणाली, "अजी, ते खुर्ची हालून राह्यली." संजय म्हणाला, "तू दिवा पाह्य." पुढच्या क्षणी खुर्चीचा एक पाय टेबलावरून घसरला आणि संजय कॅमेऱ्यासकट हवेत गेला. पडताना त्यानं कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरला, जसा पुरातून जाणारा माणूस लेकरू वर धरतो, आणि ओरडला, "कॅमेरा धर!" ममतानं दिवा टाकला आणि कॅमेरा धरला. संजयला कोणी धरलं नाही. त्याचं खांद्याचं हाड मोडलं.

चौघांनी त्याला दवाखान्यात नेलं. जाता जाता तो ओरडून सांगत होता, "लाल बटन दाबलं का चालू, परत दाबलं का बंद!" ममतानं मान हलवली, बटन दाबलं आणि लग्न शूट केलं. घाम पुसत, श्वास रोखून, इतकं मन लावून केलं की भन्ते गेल्यावर तिला वाटलं, आपण जन्मभर हेच करायला पाहिजे होतं.

फक्त एक झालं होतं. कॅमेरा हवेतून तिच्या हातात आला तेव्हाच चालू होता. तिनं चालू करायला बटन दाबलं तेव्हा तो बंद झाला, आणि बंद करायला दाबलं तेव्हा चालू. पुढचे चार तास असंच. म्हणजे कॅसेटमध्ये लग्न सोडून सगळं होतं. हार नव्हते, वंदना नव्हती, आशीर्वाद नव्हते. होतं ते दोन लग्नविधींच्या मधलं: चपलांचे ढीग, कॅमेरा खाली लटकत असताना दिसलेले पाय, आणि नवरीची खोली. त्या खोलीत कॅमेरा खिडकीत ठेवून ममता पाणी प्यायली होती, आणि तेवढ्यात वीस वर्षांची साधना, पांढऱ्या साडीतली, हातात पुरी घेऊन भिंतीकडे तोंड करून खात होती. तिची मावशी म्हणत होती, "लवकर गिळ वं, बोलावून राह्यले," आणि साधनाला तोंड भरलेलं असताना असं काही हसू फुटलं की पुरीचे तुकडे मावशीच्या चष्म्यावर गेले.

तिसऱ्या दिवशी साधनाच्या बापानं अख्ख्या आळीला बोलावून अंगणात टीव्ही लावला. अर्धा तास चपला पाहिल्यावर तो जो उठला तो तडक वणीला, दुकानात. गळ्यात हात बांधलेला संजय त्याच्यासमोर उभा राहून नुसता "भौ, भौ" करत होता. ममता आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून बसली होती. रडत होती की हसत होती हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

पण इकडे राजुरात बायांनी टीव्ही बंद करू दिला नव्हता. पुरीचा भाग त्यांनी सात वेळा मागं घेऊन पाहिला. मावशीनं तर पाहुण्यांना सांगितलं, "खरं लगन याच्यातच हाये बाप्पा. बाकीचं तं सब्बन लोकायचं सारखंच असते." पुढच्या महिन्यात आळीतल्या दुसऱ्या लग्नाचं बोलावणं आलं. निरोप स्पष्ट होता: भाऊ नको, वहिनीला पाठवा.

तेव्हापासून नवराबायकोची कामं फिरली. खांदा धड जुळला नाही म्हणून संजय दुकानात बसून एडिटिंग करू लागला आणि ममता बाहेर जाऊ लागली. बाई असल्यामुळे तिला सगळीकडे वाट होती. जिथं पुरुषाला दारातून हाकललं असतं तिथं ती कोपऱ्यात बसून चहा प्यायची आणि कॅमेरा मांडीवर चालू असायचा. आता मुद्दाम. घरी आल्यावर संजय त्यात गुलाब टाकायचा, फुटणारी बदामं टाकायचा, नवरदेव ढगातून खाली उतरवायचा. आणि नवरी जांभई देते, नवरी नाक ओढते, नवरी करवलीला शिवी देते, ते सगळं कापायचा. कापलेल्याला दोघं 'कटिंग' म्हणत. संजय म्हणायचा, पुसून टाक. ममता 'हो' म्हणायची आणि ठेवून द्यायची. आधी कॅसेटा होत्या, मग सीड्या, मग हार्ड डिस्क. कॅसेटा आणि चार हार्ड डिस्क पिठाच्या जुन्या डब्यात, वर कापड बांधून. कोळशाच्या धुळीपासून वणीत काहीच सुटत नाही, पण तो डबा सुटला होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रेरणा आली. राजूरची पोरगी, नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. दिवा भाड्यानं मागायला आली होती. केस एका बाजूनं कापलेले, खांद्याला पोत्याच्या कापडाची पिशवी.

"कायचं शूटिंग हाये?" ममतानं विचारलं.

"व्हिडिओ आर्ट करून राह्यली मी, काकू. बायकांच्या लग्नावर."

"बरं. गाणं कोनतं घेतलं?"

"गाणं नसते त्याच्यात."

"मंग स्टोरी?"

"स्टोरीबी नसते."

"हिरो तं असन?"

"नाही, काकू."

ममतानं जरा विचार केला. "गाणं नाही, स्टोरी नाही, हिरो नाही. म्हणजे माहं पह्यलं शूटिंगच झालं हे." आणि तिनं पुरीची गोष्ट सांगितली. प्रेरणा हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काकू, ते कॅसेट अजून हाये?"

दिवा तिथंच राहिला. प्रेरणा दुपारी बाराला पिठाच्या डब्यासमोर बसली ती संध्याकाळी सहाला उठली. मधे दोनदा चहा झाला आणि संजयनं तीनदा सांगितलं की ते सगळं पुसायचंच होतं. उठली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "काकू, मले दिवा नको. मले तुमी पायजे."

तिच्या डोक्यात होतं ते असं. दोन पडदे शेजारी शेजारी. डाव्यावर लग्नातली कटिंग. उजव्यावर तीच बाई आज, आपलीच कटिंग पाहताना. तिचं फक्त तोंड. कोणी प्रश्न विचारायचे नाहीत.

ममता म्हणाली, "एक अट हाये. जिची हाये तिले विचारल्याबगर एक तुकडाबी जायचा नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून ती प्रेरणाला स्कूटीवर मागं बसवून दारोदार फिरू लागली. काही बाया नाही म्हणाल्या, त्यांचं तिथंच संपलं. एकीनं दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडून विचारलं, "मी बारीक दिसतो का त्याच्यात?" ती पण शेवटी नाहीच म्हणाली.

पहिली तयार झाली ती आचल, बावीस वर्षांची, मागच्या मे महिन्यात लग्न झालेली. तिच्या लग्नात नवरानवरीच्या प्रवेशासाठी धुराचं मशीन आणलं होतं आणि मशीनवाल्यानं सगळाच धूर एकदम सोडला. त्या पांढऱ्या ढगात आचलनं समोर जो दिसला त्याच्या गळ्यात हार घातला. धूर विरला तेव्हा हारात नवरदेवाचा मावसभाऊ उभा होता, हात जोडून, भीतीनं पांढराफटक. दोन्ही घरांनी ममताला हात जोडून हे कापायला लावलं होतं. आता दुकानातल्या निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसून आचलनं ते पहिल्यांदा पाहिलं. आधी तिनं तोंडावर हात ठेवला. मग ओढणी. मग ती स्टुलावरून खाली बसली आणि तिथूनच म्हणाली, "काकू, हे मह्या सासूले दाखवा नं! दोघी मिळून पाहू. घरी मले तिच्यासंगं हसाले काहीच नाही वो."

इंदूबाई राळेगावकडची. घरची कपाशी आणि तूर, अडतिसाव्या वर्षी विधवा, दोन मुलं तिनं एकटीनं वाढवली. एक्कावन्नाव्या वर्षी तिनं देवरावांशी लग्न केलं. ते खाणीतून निवृत्त झालेले, मुलगी दिल्यानंतर घरात एकटे. मुलांचीच इच्छा होती. पण घराण्यातली एकही बाई लग्नाला आली नाही. जावा नाहीत, नणंद नाही, सख्खी बहीण नाही. ममताच्या कटिंगमध्ये होती ती मंदिरामागची खोली आणि इंदूबाईला साडी नेसवणारी तिची दोन दांडगी मुलं. मोठा मोबाइलवर पाहून निऱ्या घालत होता, धाकटा पदर धरून गोल फिरत होता. नऊ निऱ्या झाल्या आणि त्या पाठीमागं निघाल्या. इंदूबाई दोघांच्या मधे खांबासारखी उभी राहून सांगत होती, "अरे, पोतं बांधून राह्यले का मले!"

हे पाहताना आजची इंदूबाई बराच वेळ नुसती हसत होती. गळा हलत होता, आवाज नाही. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "नाही आल्या तं नाही आल्या. इतकी चांगली साडी कोन्या जावेनं नेसवली असती?" जाताना तिनं प्रेरणाला बजावलं, "ते माह्या पोरायचं नाव लिहिजो खाली. साडी नेसवनार म्हनून."

साधनाला विचारायला ममता सगळ्यात शेवटी गेली. तिचं धैर्य होत नव्हतं. साधनाचा संसार सहा वर्षांत मोडला होता. मुलीला घेऊन ती माहेरी आली आणि आता एसटीत कंडक्टर होती. गळ्यात बॅग, आवाज बसच्या टोकापर्यंत जाणारा. ममतानं तिला यवतमाळच्या गाडीतच गाठलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. साधनानं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. "यवतमाळपर्यंत या. तोवर सांगतो."

यवतमाळ येईपर्यंत ती गाडीत तिकिटं फाडत फिरली. गाडी स्टँडला लागल्यावर म्हणाली, "चालन. सुट्टी गुरुवारी असते."

गुरुवारी ती खाकी कपड्यातच आली. स्टुलावर बसली. पडद्यावर पांढऱ्या साडीतली पोरगी पुरी खात होती, मावशी ओरडत होती, पुरीचे तुकडे उडत होते. साधना हलली नाही. ममतानं कॅमेऱ्याआडून संजयकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली. कटिंग संपली तशी साधना म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मग तिनं पडद्यातल्या पोरीकडे बोट दाखवून विचारलं, "हे पोट्टी कोन्या स्टॉपवर उतरली वं? मले समजलंच नाही. सगळ्या गाडीत धुंडून राह्यलो मी तिले." आणि असं म्हणता म्हणताच तिला हसू फुटलं, तेच, वीस वर्षांपूर्वीचं, पुढं झुकून, खांदे उडवत. ते पाहून ममताला हसू आलं, प्रेरणाला आलं, आणि संजय उठून बाहेर गेला. त्या शूटिंगमध्ये शेवटची दोन मिनिटं कॅमेरा हललेला आहे. प्रेरणानं तो भाग तसाच ठेवला.

एवढ्यावर काम संपायचं, पण ममताच्या सासूबाई रुखमाबाई रुसल्या. वय पंच्याहत्तर. त्या रोज दुकानाचा जिना चढून येत, शूटिंग पाहत, आणि चहा पिऊन जात. शेवटी म्हणाल्या, "माहं लगन झालंच नाही का मंग?"

"आई, तुमच्या लग्नाची कटिंग कुठून आनू?" ममता म्हणाली. "तवा फोटोबी नाही काढला कोनी."

"कायले पायजे फोटो? मी करून दाखवतो."

आणि त्यांनी करून दाखवलं. सन पासष्ट, वय पंधरा. दीक्षा घेऊन गावाला थोडीच वर्षं झाली होती आणि नव्या पद्धतीचं गावातलं ते पहिलंच लग्न. भन्ते पोचले नाहीत, म्हणून शाळेच्या मास्तरांनी पुस्तिका हातात घेतली. घाईत त्यांनी उलटी पानं फिरवली आणि पंचशील दोनदा झालं. कोणी काही बोललं नाही, कारण पुढं काय असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पांढरी साडी पाहून दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या, आणि त्यांचं पाहून सगळ्याच. रुखमाबाईंनी मास्तर केले, चष्मा नाकावर ओढून. रडणाऱ्या म्हाताऱ्या केल्या. नवरदेव केला. बैल केला. मग स्वतः नवरी झाल्या, मान खाली घालून, आणि म्हणाल्या, "ते तिघं भाऊ, तिघायच्याबी आंगात पांढरा सदरा, तिघायच्याबी डोक्यात तेल. मी मान वर केलीच नाही. कोनता माहा ते मले तिसऱ्या दिवशी समजलं. दोन दिवस मी धाकल्या दिराले पानी नेऊन देल्लं, नि ते गुपचूप पिऊन राह्यलता!"

प्रेरणानं सहा मिनिटं धरली होती, चाळीस झाली. संजयला आपल्या बापाच्या लग्नात काय झालं ते पन्नाशीत कळलं. तो खुर्चीवर मागं रेलून हसला आणि त्याचा जुना खांदा दुखायला लागला.

"पण आजी, डाव्या पडद्यावर काय ठेवू?" प्रेरणानं विचारलं.

"तिकडे हेच ठेव. इकडे मी ते पाहून राह्यली ते ठेव. दोन्हीकडे मीच."

मग सगळे ममताकडे वळले. ती पाच पावलं मागं सरकली. कॅमेऱ्यापुढं बसायचं म्हटलं की तिच्या हाताला काय करावं कळत नाही. पण प्रेरणानं डब्यातून ममता-संजयच्या लग्नाची कॅसेट काढलीच होती. बुरशी पुसून सुरू केली. त्या कॅसेटमध्ये नवरीच नवरी होती. नवरदेव कुठं नाही. कारण संजयनं ज्या मित्राला कॅमेरा दिला होता त्याचं काम त्याला पसंत पडलं नाही आणि मंचावरून उतरून त्यानं स्वतःच कॅमेरा घेतला. स्वतःच्या लग्नात तो फक्त आवाज होता. "ममता, मान वर. जराक उजवीकडे. नको हसू. बरं, हास."

ममता स्टुलावर बसून ते पाहत होती. यावेळी कॅमेऱ्यामागं संजय होता. प्रेरणा कॅसेट सांभाळत होती, दुसरं कोणी उरलंच नव्हतं. त्यानं डोळा काचेला लावला आणि सवयीनं म्हणाला, "ममता, मान वर. जराक उजवीकडे."

ती इतकी हसली की स्टूल आडवं झालं. यावेळी मात्र त्यानं कॅमेरा सोडून तिला धरलं.

फेब्रुवारीत नागपूरला प्रदर्शन लागलं. मारोती ड्रायव्हरची क्रूझर गाडी ठरवली. पुढं संजय, मागं ममता, रुखमाबाई, इंदूबाई, साधना, आचल. चिवड्याचे दोन डबे, पाण्याचा कॅन, आणि सगळ्यांच्या अंगावर लग्नाला नेसतात तशा साड्या. वरोऱ्यापर्यंत आचलला गाडी लागली, पुढं इंदूबाईला. तरी गाणी थांबली नाहीत.

हॉलमध्ये अंधार होता आणि लोक कुजबुजत होते. दारावर प्रेरणानं लिहिलेला कागद होता: 'विवाहसंस्थेतील स्त्री-अनुभवाचे वयोगत अवकाश.' ममतानं तो दोनदा वाचला. "हे कोनाच्या लग्नातलं हाये?"

"आपल्याच, काकू. कॉलेजले असं लिहा लागते."

पहिली दहा मिनिटं पाचही जणी शाळेत साहेब आल्यासारख्या बाकावर बसल्या. समोर चष्मेवाले लोक हनुवटीला बोट लावून आचलचा धूर पाहत होते. कोणी हसत नव्हतं. मग धूर विरला, हारातला मावसभाऊ दिसला, आणि रुखमाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पाहा बाप्पा, हाबी बिचारा कोनाचं तरी पानी पिऊन राह्यला!" साधनाला हसू फुटलं. तिचा आवाज बसच्या टोकाला जाणारा, हॉल त्यामानानं लहान. मागून कोणीतरी खुदकलं, मग भिंतीजवळची दोन पोरं, मग चष्मेवाले. इंदूबाई उठून पडद्याजवळ गेली आणि आपल्या मुलांना बोट लावून लोकांना दाखवू लागली, "हा मोठा. हा धाकला. निऱ्या पाहा!" शांतता राखा म्हणून सांगायला जो माणूस आला तो निऱ्या पाहत तिथंच उभा राहिला.

कॉलेजात परीक्षक म्हणून आलेल्या एक बाई ममताजवळ आल्या. कपाळाला मोठं कुंकू, हातात वही. "नगराळेताई, लग्नाच्या बाहेरचं टिपायची ही दृष्टी तुम्हाला कशी सापडली?"

"बटन उलटं दाबलं गेलं, बाई."

परीक्षक बाईंनी डोळे मिटले. "किती खोल बोललात!"

"खोल नाही वो. लाल होतं."

बाईंनी तेही लिहून घेतलं. प्रेरणाला त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला आणि ते दोन पडदे पुढं पुण्याला गेले. पाटीवर तिनं दोन नावं घातली होती, प्रेरणा आणि ममता. खाली बारीक अक्षरात, साडी नेसवणार म्हणून, इंदूबाईच्या दोन मुलांची.

परतीला जाम गावाच्या पुढं उन्हं कलली तेव्हा रस्ता अडला. वरात होती. ट्रॉलीवर डीजे, पुढं पोट्टे, मागं घोड्यावर घामाघूम नवरदेव. मारोतीनं गाडी कडेला घेतली. "दहा मिनटं जातीन," तो म्हणाला.

दोन मिनिटंही गेली नाहीत. रुखमाबाईंनी दार उघडलं. "मले पाय मोकळे करू द्या," असं म्हणत त्या उतरल्या आणि सरळ गर्दीत घुसल्या. त्यांच्यामागं आचल, तिच्यामागं साधना. इंदूबाईनं पदर खोचला आणि चपला गाडीत भिरकावल्या. वरपक्षाला वाटलं, या वधूकडच्या पुढं घ्यायला आल्या. वधूकडच्यांना वाटलं, या वराच्या मावश्या. दोन्हीकडून त्यांना मान मिळाला आणि मधे जागा झाली. साधनानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली तशी डीजेवाल्यानं आवाज वाढवला.

संजय गाडीत पाच जणींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला होता. ममता उतरली, तिचे दोन्ही हात आपोआप वर आले, खांद्यापाशी, काहीतरी धरायला. काही नव्हतं. मग वर आलेच आहेत तर, म्हणून ती ते तसेच हलवत गर्दीत गेली. रुखमाबाई मधोमध गिरक्या घेत होत्या, टाळी वाजवत, आणि घोड्याजवळचा एक मामा त्यांना विचारत होता, "आजी, तुमी कोनाकडच्या?"

"मी होय, नवरीकडची!" रुखमाबाई ओरडल्या आणि त्याला हात धरून नाचात ओढलं.